आपल्या भाषेतला ‘येतो’

प्रिय तूरे,

मार्च लागलाय. समुद्र अजून गोठलेलाच आहे, पण उजेड परत आलाय, आणि दुपारभर मी खिडकीशी कॉफी घेऊन नुसती बसते. जागी आहे की स्वप्नात, माझं मलाच कळत नाही. अशा वेळी हमखास आपली ‘हिल्ला’ आठवते. दलदलीतल्या पिवळ्या फळाचं नाव फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमला द्यायचं तुलाच सुचलं होतं. “लहान, हट्टी आणि थंड मुलखातच पिकणारी,” म्हणाला होतास.

केवढीशी होती ती! आजचा एक फोटोही मावणार नाही एवढ्या जागेत तू दिनदर्शिका, नंबर आणि संदेश बसवलेस. मी तिला फिनिश शब्द शिकवत होते. तुझा एकच हेका, काही झालं तरी लिहिणाऱ्याचा शब्द हरवता कामा नये. चालू फोनची बॅटरी तू खसकन ओढायचास, परत घालायचास आणि शब्द जागच्या जागी दिसला की गालातल्या गालात हसायचास. मी कामाचं सोंग करून ते हसू बघत बसायचे.

लंडनच्या कंपनीतून आलेला रूपर्ट आठवतो? दिनदर्शिकेसाठी त्याला फिनिशमधली भविष्यकाळाची रूपं हवी होती. आपल्या भाषेत भविष्यकाळच नाही म्हटल्यावर कपाळाला हात लावून म्हणाला, “मग तुम्ही लोक लग्नं ठरवता तरी कशी?” तू मान वर न करता म्हणालास, “बर्फ वितळला की बघू, म्हणतो आम्ही.” सगळे हसले. माझे मात्र कान तापले.

मग हिल्लाचं काम लंडनला हललं, आणि तिच्याबरोबर तूही गेलास. शरदात माझ्या चाचणीच्या फोनवर तुझा एकच शब्द आला, “येतो.” आपल्या भाषेत आत्ता निघालो तरी ‘येतो’, आणि कधीतरी येईन तरी ‘येतो’च! मी पहिला अर्थ धरला. भाजलेलं चीज आणि हिल्लाचा मुरंबा घेऊन विमानतळावर बसले, शेवटचं विमान रिकामं होईपर्यंत. नंतर मी काही विचारलं नाही, तूही नाही. गप्प बसण्यात आपला हात कोण धरणार?

परवा बाजारात तुझी बहीण केर्त्तू भेटली. “अगं, काम संपवून येणार होता तो! तू उत्तरच दिलं नाहीस. वर्षभर फोन उशाशी घेऊन झोपायचा, बावळट कुठचा!” मी मासे तिथेच विसरून घरी आले. खणातला जुना फोन काढला, चार्जरला लावला. बऱ्याच वेळानं पडदा उजळला. तुझा शब्द जागच्या जागी होता. काम पक्कं होतं रे तुझं. मी खूप रडले.

केर्त्तूनं आणखीही एक सांगितलं. एप्रिलमध्ये तिकडे लंडनलाच तुझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे, आणि सोबतीला कुणी नको म्हणतोस. तुझ्या नको म्हणण्याला आता मी विचारत नाही. त्या शब्दाचं उत्तर माझ्याकडे राहिलंय, आणि ते आपल्या भाषेत नीट सांगायचं तर सोबत तारीख लिहावी लागते. म्हणून हे पत्र. मी येते. तीन एप्रिल, दुपारचं विमान, तिकीट काढलंय. विमानतळावर वाट बघायची पाळी या वेळी तुझी.

तेव्हाही तुझीच, आताही,
वुओक्को