ठणठणीत कोपर

नोव्हाक क्रीक, टेक्सास
३ मार्च २००४

चि. लिडियास,
अ. उ. आ.

फोन नको, असं तूच म्हणालीस. नाताळापासून तीनदा आपण एकमेकांवर रिसीव्हर आपटला, म्हणून हे पत्र. माझं अक्षर लागलं नाही तर तुमच्या हॉस्पिटलातल्या एखाद्या डॉक्टरला दाखव. त्यांना असलं गिचमिड वाचायची सवय असते.

इकडे ठीक. सतरा गाई व्यायल्या, एक वासरू गेलं. ईस्टरपर्यंत मी बिअर सोडली आहे आणि शर्लीनने साखर, त्यामुळे घरात दोघंही चिडके आणि मधे बिचारा वेस. सोळा पुरे झाले त्याला. परवा मोजलं, सहा फूट दोन इंच. दहावीतला पोरगा, पण बेसबॉलचा चेंडू ताशी शहाऐंशी मैलांनी येतो. कॅचर बेनेश आहे ना, तो हातमोज्यात स्पंज घालून बसतो आणि तरी शिव्या घालतो. १६ तारखेपासून जिल्ह्याचे सामने. सहा शाळा, दर मंगळवार आणि शुक्रवार.

आता मुद्द्याचं. नाताळच्या जेवणात तू एका मुलाची गोष्ट सांगितलीस. कोपराचं ऑपरेशन करून परतला आणि आधीपेक्षा चार मैल जास्त वेगाने फेकायला लागला. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. आपण वेसचं मे महिन्यात करून टाकू. अकरावी तो बसून काढेल आणि बारावीला नवा हात घेऊन उभा राहील. कॉलेजांची माणसं तेव्हाच तर बघायला येतात. कोपर त्याचं ठणठणीत आहे, पण ट्रॅक्टरचा पट्टा तुटेपर्यंत थांबतो का आपण? झिजायच्या आत बदलतो. तुमच्या डॉ. लँगलींच्या कानावर घाल. त्यांच्या ऑपरेशनांची सगळी तयारी तूच करतेस, तुझा शब्द ते मोडणार नाहीत.

शर्लीनचा नमस्कार. थोरल्या भावावर लोभ ठेव, निदान ईस्टरपर्यंत.

तुझा,
जीनदादा

ह्यूस्टन
९ मार्च २००४

ती. जीनदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ताट सरकवून ठेवलं.

कोपराचं ऑपरेशन म्हणजे काय, हे तुला एकदा नीट सांगते. हाडाला ड्रिलने भोकं पाडतात. मुलाच्या दुसऱ्या मनगटातून एक शीर काढतात, दोरीसारखी पांढरी, आणि ती त्या भोकांतून ओवून घट्ट बांधतात. कोपराची हाडं धरून ठेवणारा बंध ज्याचा तुटला आहे त्याच्यासाठी हे वरदान आहे. ज्याचा तुटलेला नाही त्याला कापणं ही कसाईगिरी. तुझा मुलगा ट्रॅक्टर नाही.

वाईट याचं वाटतं की असं विचारणारा तू पहिला नाहीस. आठवड्याला दोन तरी फोन येतात. मागच्या महिन्यात एकाने विचारलं, दोन्ही मुलांचं एकाच दिवशी होईल का, म्हणजे त्याला दोनदा रजा नको. मी रिसीव्हर ठेवून हात धुवून आले. असल्या माणसांत माझा सख्खा भाऊ निघेल असं वाटलं नव्हतं.

आणि आता माझा गुन्हा. त्या मुलाची गोष्ट मी अर्धीच सांगितली. तो वर्षभर रोज तीन तास व्यायाम करत होता, पाय, पाठ, खांदा. शिवाय त्या वर्षात दोन इंच वाढला. वेग त्यातून आला, कापण्यातून नाही. मला हे ठाऊक होतं. पण तुम्ही सगळे हातातले काटे खाली ठेवून ऐकत होता. आमच्या घरात माझं कुणी एवढं ऐकत नाही. म्हणून गोष्ट छान दिसेल अशी सांगितली. त्या अर्ध्या गोष्टीची मला आता शिसारी येते.

डॉ. लँगलींना मी काही सांगणार नाही. वेसला अनेक आशीर्वाद आणि वहिनीला नमस्कार. राग धर, पण हे ऐक.

तुझी,
लिडिया

नोव्हाक क्रीक
२८ मार्च २००४

चि. लिडियास,
अ. उ. आ.

कसाई म्हणालीस ते वाचलं. सॉसेज करताना आपल्या आजोबांना सगळं गाव तेच म्हणायचं आणि पहिल्या वाफेला दारात रांगही लावायचं. मला राग नाही.

तू नाही म्हणालीस म्हणून मी वेसला घेऊन दुसऱ्या एका डॉक्टरकडे गेलो. त्याने कोपर दाबलं, वाकवलं, फोटो काढले आणि म्हणाला, असं निरोगी कोपर मी वर्षात पाहिलं नाही, घरी जा. मी म्हटलं, निरोगी आहे तेव्हाच करा की. तर म्हणाला, दुखत असेल तर या, नाहीतर परत माझ्या दारात दिसू नका. तू त्याला आधीच फोन केला नव्हतास ना?

असो. दुखलं तर करतील, एवढं तरी कळलं. आम्ही मुद्दाम काही करणार नाही, तेवढा मी बाप आहे. पण लक्ष ठेवायला काय हरकत? रोज जेवताना विचारतो आणि हातही लावून बघतो.

चारही सामने जिंकलो. मंगळवारी वेस पूर्ण सामना टाकतो, गेल्या खेपेला तेरा गडी बाद केले. शुक्रवारी शेवटच्या दोन इनिंग्जना प्रशिक्षक त्यालाच उभा करतात. चर्चमधला मासे तळण्याचा कार्यक्रम यंदा दुपारी ठेवावा लागला, कारण संध्याकाळी गाव मैदानावर. पाद्रीबाबा म्हणाले, येशूसाठी एवढी माणसं जमली असती तर छप्पर दोन वर्षांपूर्वीच झालं असतं.

ईस्टरला ये. भांडायचं असेल तर समोर बसून भांडू.

तुझा,
जीनदादा

ह्यूस्टन
१३ एप्रिल २००४

ती. जीनदादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. वहिनीने बांधून दिलेला कोलाचींचा, त्या खसखस भरलेल्या गोड पावांचा, डबा रस्त्यातच संपला. एवढं चांगलं आधी लिहिते, कारण पुढे चांगलं काही नाही.

शनिवारी रात्री जेवताना तू वेसचं कोपर हातात घेतलंस. पीच पिकलं की नाही ते अंगठ्याने दाबून बघतात, तसा दाबत होतास. इथे? इथे? थोडं आत? वेस म्हणाला, काही नाही बाबा, बटाटे द्या. त्यावर तू सगळ्यांना म्हणालास, पोरगं भलतंच चिवट निघालं, आपल्याला काही हातभार लावत नाही. आणि टेबल हसलं. वहिनी हसली, बेनेशचे आईवडील हसले, प्रशिक्षक हसता हसता म्हणाले, धीर धरा, अजून बरेच सामने बाकी आहेत. माझ्या ताटात तुमचं ते धुरावलेलं मांस होतं, त्याच्याकडे मला बघवेना. मी उठून अंगणात गेले. उकडतंय म्हणाले. उकडत नव्हतं.

मी पंधरा वर्षं ऑपरेशनच्या खोलीत आहे. रक्त, पू, हाडाचा भुगा, कशानेच मला मळमळत नाही. त्या टेबलावर मळमळलं. इतक्या प्रेमाने वाढलेलं जेवण, इतकी देवभोळी माणसं, आणि सगळी जणं एका मुलाला काहीतरी व्हावं म्हणून गोडीगुलाबीने वाट बघत बसलेली.

तू वाईट बाप नाहीस हे मला ठाऊक आहे. तो तापाने फणफणला होता तेव्हा तू तीन रात्री खुर्चीत बसून काढल्यास. म्हणून तर माझ्याकडून सोडून देणं होत नाही. रोज विचारणं बंद कर. विचारायचंच असेल तर, तुझ्या तोंडावर काय लिहिलेलं असतं ते आधी आरशात बघ.

लोभ कमी झालेला नाही, पण परवापासून त्याला आंबट वास येतो आहे.

तुझी,
लिडिया

नोव्हाक क्रीक
२८ एप्रिल २००४

चि. लिडियास,
अ. उ. आ.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते आईला आवडलं नसतं. पण आज तेही माफ. आज बातमीच तशी आहे.

फाटलं! काल पाचव्या इनिंगमध्ये, आम्ही तीन-एकने पुढे असताना. बेनेश म्हणतो, आवाज त्याच्यापर्यंत आला, ओली काटकी मोडावी तसा. आज सकाळी स्कॅन केला. पूर्ण फाटलंय, लिडी, अर्धवट नाही! अर्धवट असतं तर सहा महिने विश्रांती घ्या, व्यायाम करा, असलं रडगाणं लावलं असतं त्या लोकांनी. आता कुणी नाही म्हणू शकत नाही, तूसुद्धा. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. सामनाही आपणच जिंकलो, चार-तीन. जिल्ह्यात पहिले.

आणि मी काही केलेलं नाही. शपथेवर सांगतो, त्याला एक चेंडू जास्त टाक असं कधी म्हटलं नाही. आपोआप झालं, अगदी वेळेवर, मे महिन्याच्या तोंडावर. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये त्याच्या ऑपरेशनासाठी बायका सॉसेज आणि बटाट्यांची ताटं विकणार आहेत. प्रशिक्षक मला मिठी मारून म्हणाले, बारावीला हा पोरगा नव्वद टाकेल.

वेस जरा गप्प आहे. दुखत असेल. पोटभर खातो मात्र.

तारीख लवकर मिळवून दे. मागचं सगळं विसरून तुझ्यावर पूर्वीसारखाच लोभ करणारा,

जीनदादा

नोव्हाक क्रीक
२ मे २००४

ती. लिडियाआत्यास,
सा. न.

डाव्या हाताने लिहितोय, सांभाळून घे. हे पत्र मी शाळेतून टाकणार आहे. घरी सांगू नकोस.

तुला एकटीला सांगतो. माझं कोपर २६ मार्चपासून दुखत होतं. त्या शुक्रवारच्या सामन्यानंतर करंगळीला मुंग्या आल्या, मग शेजारच्या बोटाला. एप्रिलमध्ये तर दात घासताना ब्रश हातातून पडायचा. तू ईस्टरला आलीस तेव्हाही दुखत होतं. बाबांनी दाबलं ना, बरोबर तिथेच.

तुला वाटेल मी वेडा आहे. प्रशिक्षकांना सांगितलं असतं तर बसवलं असतं, नाही असं नाही. पण ते त्याच दुपारी बाबांना सांगणार. आणि बाबांना कळलं की ते खूश होणार. रोज विचारायचे तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचो. गाय व्यायला झाली की गोठ्याच्या दारात उभे असतात, तसे दिसायचे. मी हो म्हणालो की तो चेहरा पूर्ण उजळणार. मला ते बघायचं नव्हतं. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही. म्हणून मी टाकत राहिलो. वाटलं, मोसम संपेपर्यंत निभेल आणि उन्हाळ्यात आपोआप बरं होईल.

मंगळवारी आवाज आला तेव्हा मी प्रेक्षकांकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत बाहेर आलो. बेनेश म्हणतो, तुझे बाबा रडत होते. असतील. कशाने ते मी विचारलं नाही. आईसुद्धा खूशच आहे, फक्त तिला लपवता येतं. आज हॉलमध्ये सगळे माझी पाठ थोपटून अभिनंदन म्हणत होते. मी दोन ताटं खाल्ली आणि मागे जाऊन ओकलो.

ऑपरेशनला मी भीत नाही. तू असशील. एकच विचारायचं आहे. गुंगीतून जागा होताना आधी तू समोर असशील, असं करता येईल का? ते दोघं नंतर आले तरी चालतील. थोडे नंतर.

बाबा वाईट नाहीत. हे त्यांना कधीच सांगू नकोस.

तुझा,
वेस

ह्यूस्टन
८ मे २००४

जीनदादास,
नमस्कार.

तारीख मिळाली. गुरुवार, २० मे, सकाळी सहा वाजता. डॉ. लँगली स्वतः करणार आहेत. बुधवारी रात्री बारानंतर वेसला पाणीसुद्धा द्यायचं नाही. पुढून बटणांचा, ढगळ बाह्यांचा शर्ट आणा. शीर डाव्या मनगटातून काढतील, तेव्हा दोन्ही हात काही दिवस बांधलेले असतील आणि त्याला घास भरवावा लागेल. ते वहिनीने करावं. पुन्हा पूर्ण जोराने चेंडू टाकायला वर्ष लागेल. नव्वदचं कुणी काही सांगितलेलं नाही आणि इथे कुणी सांगणारही नाही. शंभरातले काही मुलगे पुन्हा कधीच टाकत नाहीत. हे तुला मी दुसऱ्यांदा सांगायला नको होतं. पहिल्यांदाच सांगायचं होतं, नाताळला.

तू शपथ घेतलीस, तू काही केलं नाहीस म्हणून. ठीक आहे. त्यावर मी वाद घालणार नाही. मला काय वाटतं ते लिहायला बसले होते, चार पानं लिहिली आणि फाडली. त्यातलं बरंचसं मलाही लागू होतं.

आता एक शेवटचं, आणि यावर हुज्जत नको. गुंगी उतरते त्या खोलीत आईवडलांना सोडत नाहीत. तिथे मी असेन. इथला नियमच तसा आहे. तो नीट जागा झाला, बोलायला लागला, की मी स्वतः खाली येऊन तुम्हाला घेऊन जाईन. तोवर दोघांनी कॅफेटेरियात बसा. आनंद व्हायचा तेवढा तिथेच होऊ दे. आणि मी न्यायला आले की वर येण्याआधी दोघंही तोंड धुऊन घ्या.

वेसवर माझा जीव आहे. तुझ्यापुरतं काय उरलं आहे ते अजून चाचपून बघितलेलं नाही.

लिडिया