गयाबाईंच्या गोळीचा फोन

५ ऑक्टो., पाथर्डी
एकच तारीख दोघांना कबूल करून बसले, म्हणून हे लिहायला घेतलं. पंधराला शिर्डीच्या शेठना हॉटेलचं ऑनलाइन बुकिंग सुरू करून द्यायचं. तोवरच शेजारच्या सुनीतालाही गोळीची आठवण करणारा फोन तयार करून द्यायचा. ती आणि नवरा ऊसतोडीला जाणार, सासू गयाबाई मागे एकट्या. गेल्या हंगामात बीपीच्या गोळ्या चुकल्या, न्हाणीत पडल्या, दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. यंदा रोज सकाळी माझ्या मशीनवरून सुनीताच्या आवाजात आपोआप फोन जाईल. गोळी घेतली की एक दाबायचं. नाही दाबलं तर फोन मला.
शेठच्या कामावर घर चालतं. हे दुसरं काम मला कुणी सांगितलेलं नाही.

७ ऑक्टो.
सुनीताचा आवाज रेकॉर्ड केला. मोबाईल समोर धरल्यावर ताठ उभी. "आत्याबाई, आपण गोळी घ्यावी." म्हटलं, घरी अशी बोलतेस? हसली, मग एका दमात, "आत्याबाई, गोळी घेतली का? आन् निस्त्या चहावर न्हाई हां!" हेच ठेवलं.

९ ऑक्टो.
दिवसभर शेठ. फोटो बदला, रंग बदला. आता खोलीत जादा गादी टाकली तर तिचाही हिशेब हवा. "छोटंसंच काम हाय, मॅडम." छोटं आहे तर स्वतःच...
गोळीच्या कामाला हात नाही लागला. चिडचिड.

११ ऑक्टो.
चाचणी फसली. सुनीता बाजारात गेलेली. फोन वाजला, आवाज ऐकला आणि गयाबाई सुटल्याच. "घेतली गं. शेळी लंगडतीय. मेथी काय भावानं हाय?" एक कोण दाबणार! मशीनने नोंद केली, गोळी नाही. मला फोन.
सुनीता परतली तर दारातच गयाबाईंची बोलणी. "तवा उत्तर द्यायला काय झालं हुतं?"
सगळं तपासलं होतं. सासू सुनेला उत्तर देणार, एवढंच धरलं नव्हतं. आता त्यांचं बोलणं टिपून सुनीताच्या फोनवर पाठवायचं. म्हणजे निदान दोन दिवस. कुठून आणू?

१२ ऑक्टो.
ऊसतोडीच्या मुकादमाचा निरोप: गाडी उद्याच.
शेठना सांगितलं, बुकिंग आज देते, गादी नाही. "मग दुसरा माणूस बघावा लागंल." बघा म्हटलं. फोन ठेवला. इतकी वर्षं नोकरीत, मग घरून, कुणाला असं बोलले नव्हते. बसले पुन्हा कामाला.

१३ ऑक्टो.
सकाळी गयाबाईंचं बोलणं सुनीताच्या फोनवर पोचलं. एकदा. दुसऱ्यांदा पाहायला वेळच नव्हता, ट्रक दारात. भांडी, पत्रे, कोंबड्या, सगळं वर चढलेलं. गयाबाई ओट्यावर फोन हातात धरून. "मी काय ल्हान हाय का?"
उसाच्या फडावर रेंज असते का, सुनीताला विचारलं. "टेकाडावर गेलं की असती, ताई."
दिलं-घेतलं:
शेठना बुकिंग, पासवर्डसकट, गादीशिवाय. अजून उत्तर नाही.
सुनीताला गोळीचा फोन, एका चाचणीवर.
मला तिच्या घराची दुसरी किल्ली. मी मागितली नव्हती. "तुमच्या मशीनवर इस्वास हाय, ताई. तरी असू द्या."