राधाची राखीव हवा

सुभाष रोड, धारवाड

तीर्थरूप मनीषाअक्कास,

भीमसेनचा साष्टांग नमस्कार. दाजींचा गुडघा, तुझा खोकला आणि मिरजेचा उकाडा, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. आम्ही खुशाल आहोत. (फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा आहे, आणि तुझ्या भावजयीचे कान तुला माहीत आहेत.)

तर अक्का, आमच्या राधाने पन्नाशी उलटल्यावर समुद्राच्या तळाशी जायचं ठरवलंय. थट्टा नव्हे! हुबळीला पोहण्याच्या तलावात पाठीवर हवेची टाकी बांधून तिने सगळं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, पासही झाली. मी काठावर टॉवेल घेऊन उभा असायचो. ती पाण्याखाली गेली की इकडे माझाच श्वास अडकायचा. पण वर आली की तिचा चेहरा बघावा. लग्नातसुद्धा एवढी खूश दिसली नव्हती. (हे तिला सांगू नकोस.) खरं सांगतो, अभिमानाने ऊर भरून येतो. पुढच्या महिन्यात मुरडेश्वराहून होडीने नेत्राणी बेटाला जायचं आणि तिथे उतरायचं. मला मात्र एकच घोर लागलाय, खाली हवा संपली तर काय?

तिला शिकवणारे निखिल म्हणून आहेत, कारवारचे, शांत माणूस. ते म्हणाले, राखीव हवेचे प्रकार असतात. पहिला म्हणजे तिच्याच टाकीला जोडलेली दुसरी पिवळी नळी, अडचणीतल्या जोडीदाराला द्यायला. ती सगळ्यांकडे असतेच. राधा लगेच म्हणाली, टाकीच रिकामी झाली तर नळ्या दोन असून करायचंय काय? (एका पिंपाला दोन तोट्या! भांड्यांच्या दुकानात आयुष्य काढलेली बाई आहे.) दुसरा प्रकार हातात मावणाऱ्या बाटलीचा, ती थोडेच श्वास देते. तिसरा म्हणजे मोठ्या टाकीशेजारी अडकवायची वेगळी लहान टाकी. तिची नळी वेगळी, हवा वेगळी, तिच्यावर सावकाश वर येता येतं. निखिलनी बाटली आणि लहान टाकी दोन्ही भरून आमच्याकडे ठेवल्या, हाताळून बघा आणि मग ठरवा म्हणून.

मला बाटली एकदम पसंत पडली. थर्मासएवढी, सुबक, वर पिवळा रंग. मी ती दुकानात गल्ल्याशेजारी मांडली. आता आपल्या दुकानात आलेल्या माणसाला काही न देता परत पाठवायचं, ही आपली रीत नाही. जो तो विचारायचा, हे काय? मी म्हणायचो, घ्या की एक श्वास! कुकरची शिटी बदलायला आलेल्या बाईंनी घेतला. समोरच्या कापडवाल्याने दोनदा घेतला (फुकट म्हटल्यावर त्याचं नेहमीचंच). पोस्टमनने डोळे मिटून घेतला आणि "छलो ऐती!" (झकास आहे!) म्हणून पावती दिली. एका आजोबांनी यात वेलदोडा घातलाय का, असं विचारलं. मी आपला दर वेळी तोंडाकडची बाजू पुसून पुढे करतोय. संध्याकाळी राधाने तिच्यावरचा हवेचा काटा बघितला तर बाटली ठणठणीत रिकामी.

आता माझी धडगत नाही, असं वाटलं. पण ती हसत सुटली. हसून हसून पातेल्यांच्या चळतीला टेकली, तेव्हा पातेली आणि ती दोघंही पडता पडता वाचली. मग डोळे पुसून म्हणाली, गादीवर बसून एवढ्यात संपते, तर पाण्याखाली घाबरलेला माणूस केवढी ओढेल? लगेच मला जिना चढायला-उतरायला लावला, धापा टाकत असताना लहान टाकीची नळी तोंडात दिली, आणि स्वतः काट्यावर नजर ठेवून बसली. त्यानंतर निखिलना फोन करून खोली किती, वर यायला वेळ किती, सगळं विचारून घेतलं आणि त्यांच्याकडच्या लहान टाक्यांतली मोठी मागवली. मोठमोठ्या साहेबांनी निर्णय कसा घ्यावा हे हिच्याकडून शिकावं!

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भीमसेन

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. राधाची जोडीदारीण पद्मा लेकीच्या बाळंतपणाला गेली, म्हणून राधाने माझं नाव दिलंय! पोहता न येणाऱ्यालाही निखिल धरून थोडं खाली नेतात म्हणे. अक्का, मला फार भीती वाटते. तू मोठी नणंद, तुझा शब्द ती मोडत नाही. तिला फोन करून मला मनाई कर. पत्रिकेत जलघात आहे म्हणून सांग, वाटेल ते सांग.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायच्या आधी सहज राधाला विचारलं, तू श्वास एवढा कमी घेतेस, निखिलही वाखाणतात, मग ते जादा ओझं कशाला? ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "माझी टाकी मला पुरते. ही तुमच्यासाठी. निखिल असतीलच हो, पण तुमच्या बाबतीत मी दुसऱ्यावर भरवसा टाकणार नाही."

अक्का, फोन करू नकोस. दाजींची पोहायची चड्डी असेल तर तेवढी पाठवून दे.