तुळशीचा तांबडा ओटा

॥ श्री ॥
तलासरी, ता. २२ जून १९६१

ती. सौ. देवकीबायच्या सेवेशी,
गणूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र पोचेल तेव्हा इथल्या बाजाराला येणाऱ्या जमुनाबायने तुला सहा रिकाम्या बाटल्या आणून दिल्या असतील. भावोजींना सांग, बाटल्या औषधाच्या आहेत, भलता संशय नको. त्या मला भरून हव्यात, पण मासळीने नव्हे, नदीच्या पाण्याने.

माझं काम तुला ठाऊक आहे. डोंगरउतारावर आडवे मातीचे बांध घालायचे, म्हणजे पावसाचं पाणी माती घेऊन धावत सुटत नाही. इथे सगळं अडलंय ते लाहूपाशी. पाड्यात त्याचा शब्द चालतो, आणि नदीच्या उगमावरचा सगळ्यात मोठा वरकस, हलक्या जमिनीचा उतार त्याचाच. तिथे तो नागली पेरतो आणि खाली ओढ्याकाठी त्याचं भाताचं खाचर आहे. त्याचं म्हणणं असं, की वरची माती वाहते ती त्याच्याच खाचरात उतरते. वर बांध घातला तर खाली भात उपाशी राहील, शिवाय बांधाखाली जमीन जाईल ती वेगळी. माणूस हट्टी आहे, पण वेडा नाही. मी म्हणतो ती माती खाचरात थांबत नाही, थेट तुमच्या खाडीत जाते. तो म्हणतो, दाखव.

म्हणून हा खटाटोप. वडाच्या वळणाशी, जिथे भरतीचं खारं पाणी पोचत नाही, तिथलं पाणी दर पंधरवड्याला ओहोटीच्या वेळी घे. बाटली स्वच्छ असावी, पाणी गळ्यापर्यंत भरावं, बूच घट्ट लावावं, तारीख लिहावी. इथे मी उताराखालच्या ओढ्याचं पाणी भरून ठेवतो. बाटली स्थिर झाली की तळाशी किती गाळ बसतो ते बोटाने मोजायचं. येत्या उन्हाळ्यात काम झालं तर झालं, मेअखेर आमची टोळी दुसऱ्या तालुक्यात जाणार.

आईला वरोरला वेगळं पत्र टाकलं आहे. भावोजींस नमस्कार. बहिणीची माया आहेच, ती बाटल्यांच्या त्रासाने आटू नये ही विनंती.

तुझा धाकटा,
गणू

॥ श्री ॥
बोर्डी, ता. १० जुलै १९६१

चि. गणूस,
देवकीचे अनेक आशीर्वाद. येथील क्षेम, तुझे क्षेम कळवीत जावे.

वाडीत बातमी फुटली आहे, की देवकीच्या भावाला सरकार चिखल मोजायचा पगार देतं. जमुना तर जो भेटेल त्याला सांगते. पण तिच्यावर रागावता येत नाही, कारण तुझी पहिली बाटली तीच तलासरीच्या बाजाराला सुक्या बोंबलांच्या टोपलीत घालून आणते आहे. वास आला तर नाक धर आणि गाळ बघ.

बाटल्या राखेने तीन वेळा घासल्या. नदीवर जाऊन नुसती बाटली घेऊन परतणं मला बरं वाटेना, म्हणून घागर भरून आणली आणि घरी निगुतीने बाटली भरली. आपल्या आईलासुद्धा नाव ठेवता येणार नाही असं पाणी पाठवते आहे.

सध्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत, त्यामुळे हे दिवसभर घरात. जाळं विणतात आणि माझ्या स्वयंपाकात लक्ष घालतात. नारळी पौर्णिमा येईपर्यंत मला हे सोसायचंय. एक मात्र खरं, यांना काळजी लागली आहे. गेल्या वर्षी खाडीच्या तोंडाशी होडी दोनदा रुतली होती. तुझ्या बाटल्यांनी त्यावर काही उपाय निघाला तर मी रोजसुद्धा घागर वाहीन.

जेवणाची हयगय करू नकोस. आठवण ठेवत जा, नुसती बाटल्यांची नव्हे, माझीही.

तुझी,
देवकी

॥ श्री ॥
तलासरी, ता. १८ सप्टेंबर १९६१

ती. सौ. देवकीबायस,
गणूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

सहाही बाटल्या पोचल्या. एकही फुटली नाही, सगळ्यांना बोंबलाचा वास आहे, आणि एकीतही गाळ नाही. माझ्या ओढ्याच्या बाटल्यांत दोन-दोन बोटं गाळ बसलाय. तुझ्या बाटल्यांतून पलीकडचं अक्षर वाचता येतं.

लाहूला दाखवायचं कबूल केलं होतं, म्हणून दाखवल्या. त्याने एकेक बाटली उन्हात धरून पाहिली, पाड्यातल्या माणसांना बोलावून दाखवली, आणि मग मला बसवून चहा पाजला. हसला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, की बाबा, तुझ्या बहिणीनेच साक्ष दिली. वरची माती ओढ्यापर्यंत येते, पुढे जात नाही, म्हणजे ती माझ्याच खाचरात राहते. त्याची बायको तानी तेवढी म्हणत होती, की मग आपलं भात दर वर्षी कमी का होतंय. तिचं कुणी ऐकलं नाही.

साहेबांचंही मत फिरलं. खाडीपर्यंत गाळ जातच नसेल तर हा उतार सोडून टोळी आताच दुसरीकडे नेऊ, म्हणाले. मी मार्चपर्यंत मुदत मागून घेतली आहे. का मागितली ते मलाही नीट सांगता येत नाही. माझंच चुकलं असेल, बाय. पुस्तकात वाचलेलं सगळ्या नद्यांना लागू पडतंच असं नाही.

तू एवढा त्रास घेतलास, त्याबद्दल काय लिहू? लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
गणू

॥ श्री ॥
बोर्डी, ता. १२ नोव्हेंबर १९६१

चि. गणूस,
देवकीचे अनेक आशीर्वाद.

दिवाळी झाली, तू आला नाहीस. ओवाळणीचं तबक मी भिंतीवरच्या तुझ्या फोटोपुढे फिरवलं. हे म्हणाले, फोटो ओवाळणी घालत नाही.

इथे बरं नाही, गणू. उधाणाची भरती सोडली तर होडी आत येतच नाही. परवा खाडीच्या तोंडाशी रुतली आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच बसून राहिली. उन्हात सगळी मासळी नासली. हे घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, की एक वर्ष बघू, नाहीतर होडी घेऊन वरोरला जाऊ. सासुरवाडीला जाऊन राहायचं म्हणजे यांच्यासारख्या माणसाला काय वाटत असेल, ते तूच समज. मला माहेर जवळ होईल, पण असं माहेर नको रे मला. तुझ्या बाटल्या साफ आणि आमची खाडी भरते, हे गणित माझ्या डोक्यात शिरत नाही. तू शिकलेला आहेस, तूच सांग.

एक चांगली बातमी देते. तुळशीच्या लग्नासाठी ओटा सारवला, आणि असा तांबडा, गुळगुळीत झालाय की अख्खी वाडी बघून गेली. आपल्याकडे सगळी काळी माती, म्हणून सगळ्यांना नवल. ही तुझ्याच बाटल्यांची कृपा. दर वेळी घागरभर पाणी मी चार पदरी फडक्यातून गाळून घेत होते आणि मग बाटली भरत होते. फडक्यावर लोण्यासारखी माती उरे. टाकवेना, म्हणून खापरात जमवून ठेवली होती.

थंडी पडू लागली आहे, उबेने राहा. विसर पडू देऊ नकोस.

तुझी,
देवकी

॥ श्री ॥
तलासरी, ता. १७ नोव्हेंबर १९६१

ती. सौ. देवकीबायस,
गणूचा नमस्कार.

तू पाणी गाळलंस!

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसलो. बाय, मला गाळच हवा होता. फडक्यावर राहिलं तेच माझं काम होतं, आणि तू मला नुसतं पाणी पाठवत होतीस.

आधी खूप राग आला, तो कशाला लपवू? मग आई आठवली. दारात आलेल्या परक्याला मी एकदा न गाळलेलं पाणी दिलं, तर तिने माझ्याशी दिवसभर अबोला धरला होता. त्याच घरात वाढलेली तू, भावाला गढूळ पाणी कशी पाठवशील? मी बूच कसं लावायचं ते लिहिलं, तारीख लिहायला सांगितलं, आणि गाळू नकोस एवढंच लिहिलं नाही. चूक माझी आहे.

लाहूला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? म्हणाला, साक्ष उलटी गेली की आता बहिणीला खोटी पाडतोस. मग माझ्या मनात एक आलं. तो ओटा तसाच ठेव. त्यावर शेणाचा हात फिरवू नकोस. पुढच्या महिन्यात लाहू आणि तानी सुकी मासळी घ्यायला जमुनाबायबरोबर तुमच्याकडे येतील. मी येत नाही. मी असलो की त्याला सगळं शिकवलेलं वाटतं. तूही काही पटवायला जाऊ नकोस, नुसता पाहुणचार कर.

रागाचं मनावर घेऊ नकोस, मायाच धर.

गणू

॥ श्री ॥
बोर्डी, ता. २६ डिसेंबर १९६१

चि. गणूस,
देवकीचे अनेक आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र वाचून आधी रडले. माझ्या शहाणपणाने आमचीच खाडी भरायला हातभार लावला, असं वाटलं. यांना वाचून दाखवलं तर हे इतके हसले, की मला रडणं आवरावं लागलं.

परवा लाहू आणि तानी आले. तू सांगितल्याप्रमाणे मी काही बोलले नाही. भाकरी, बोंबलाचं कालवण केलं. लाहू जेवून अंगणात गेला आणि सावली बघून तुळशीच्या ओट्याला टेकून बसला. बसल्याबसल्या त्याचा हात ओट्यावरून फिरला. मग तो वळला. नखाने थोडी माती खरवडली, थुंकी लावून बोटांत चोळली, वास घेतला, आणि मला विचारलं, की ही माती इथे कशी. मी सांगितलं, नदीच्या पाण्यातून गाळली. त्याने तानीला हाक मारली. तिने बोटावर घेतली मात्र, आणि लगेच म्हणाली, की ही मोहाच्या झाडाखालच्या तुकड्यातली. आपल्या नागलीची. खाचरातली माती काळपट, ही ती नव्हेच.

लाहूने ती माती पुन्हा बोटांत चोळून पाहिली. मला भीती वाटली, काही चुकलं की काय. मग त्याने विचारलं, होडी कुठे रुतते. हे त्याला घेऊन गेले, मीही मागून गेले. ओहोटी होती. लाहू गुडघाभर चिखलात शिरला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि मूठ वर काढली. वरचा चिखल काळा, आणि मुठीत तांबडे पट्टे, एकावर एक. त्याने यांच्याकडे बघून एवढंच म्हटलं, की तुमच्या होडीखाली माझं शेत आहे.

गणू, आमचे हे समुद्रावरचे, सहज हलणारे नव्हेत. पण लाहूचा हात धरून त्यांनी त्याला चिखलातून वर घेतलं.

निघताना लाहूने संकोचत विचारलं, थोडी माती मिळेल का. मी विळीने अर्धा ओटा खरवडून दिला. तानीने ती पदरात बांधली. मी खण दिला तर तिने आधी मातीची गाठ घट्ट केली आणि मग खण घेतला.

तू काय ते बघ. आशीर्वाद आहेतच, ते कमी पडले तर कळव.

तुझी,
देवकी

॥ श्री ॥
तलासरी, ता. २० मे १९६२

ती. सौ. देवकीबायस,
गणूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पाच महिने पत्राला सवड झाली नाही, कारण लाहूने होऊ दिली नाही. तुमच्याकडून आला तो थेट माझ्या खोलीवर. म्हणाला, बांध कुठून सुरू करायचा ते सांग. साहेबांपुढे मी तुझ्या गाळण्याची सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं होतं, नोकरीवर गदा येईल. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि काम मंजूर केलं.

उतारावर आता अकरा बांध आहेत. दोरी धरून समपातळी रेषा आखायला लाहू स्वतः पुढे होता. जमीन किती जाते ते त्याने एकदाही विचारलं नाही. बांधांवर गवत लावलं आहे, आणि तिथे गुरं सोडायची नाहीत असं पाड्याने ठरवलं. पहिला बांध पुरा झाला त्या दिवशी तानीने तुझ्या ओट्याची माती आणून त्याच्यावर थापली.

एका उताराने खाडी मोकळी होत नाही, हे भावोजींना नीट सांग. वर अजून सात उतार उघडे आहेत, आणि आमची टोळी या महिन्यात जाते आहे. पण लाहू त्या सातही उतारांच्या मालकांच्या घरी जाऊन आला. बरोबर माझी गाळाची बाटली नेतो आणि तुमच्या होडीची गोष्ट सांगतो. माझ्या व्याख्यानापेक्षा ती बरी चालते.

नव्या बाटल्या पाठवतो आहे. भरलेल्या जमुनाबायबरोबर लाहूकडे पाठव, मी तिथे येऊन बघत जाईन. या वेळी गाळू नकोस ग बाय, तुझ्या पाया पडतो. माया ठेव, फडकं मात्र खुंटीला ठेव.

तुझा,
गणू

॥ श्री ॥
बोर्डी, ता. २८ ऑगस्ट १९६२

चि. गणूस,
देवकीचे अनेक आशीर्वाद.

बाटल्या जमुनाबरोबर पाठवल्या आहेत. पहिली भरताना माझा हात अडला. असलं पाणी भावाला पाठवायचं? डोळे मिटून बूच लावलं. आईला यातलं काही कळवू नकोस, तिला या वयात धक्का नको.

गाळ आहे रे अजून. पहिल्या बाटलीत बोटापेक्षा जास्त होता, मागच्या आठवड्यातल्या बाटलीत बोटभरही नाही. पाऊस कमी म्हणून की बांधांमुळे, ते तू ठरव. मला तेवढं कळत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला आणि होडी बाहेर काढली. परतताना ती घासली, पण रुतली नाही. यांना विचारलं, वरोरचं काय. हे म्हणाले, लाहूने सात घरं धरली आहेत म्हणे, मग आपणही थोडं थांबायला हवं. बाहेर जाऊन जाळं आवरत बसले. मी आत येऊन देवापुढे दिवा लावला.

घरच्या सारवणासाठी मी या वर्षीही घागरभर पाणी फडक्यातून गाळत होते. बाटलीचं वेगळं, घाबरू नकोस. पण अर्धा उघडा ओटा भरून काढायला तांबडी माती काही पुरली नाही. शेवटी शेजारून शेण मागून आणलं आणि ओटा सारवला. आता काळाच दिसतो, वाडीत कुणी बघायला येत नाही. पण खरं सांगू, इतक्या आनंदाने मी जन्मात शेण कालवलं नव्हतं.

लाहू, तानीला नमस्कार सांग. लोभ वाढावा, गाळ कमी व्हावा.

तुझी,
देवकी