अख्खी खुर्ची

प्रिय पप्पा,

लातूरला आत्याकडे तब्येत बरी आहे ना? फोनवर तुम्ही आधी आज किती खुर्च्या निघाल्या तेच विचारता, मग मला पुढचं बोलता येत नाही. म्हणून लिहितेय.

आपल्या तळवड्याच्या शेडमध्ये चाकणच्या कंपन्यांतून खोक्यांचं जुनं लाकूड आलंय, कामावरच्या बायकांनी खिळे उपटून रचून ठेवलंय. खुर्चीचं डिझाइन माझं असलं तरी लाइन तुम्ही लावलीत, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एकीने कापायचं, दुसरीने घासायचं, तिसरीने जोडायचं. एका हाताला एकच काम दिलं की चूक होत नाही, हे तुम्ही मला चपात्या करतानाच शिकवलंत. मम्मी लाटायची, मी भाजायची, तुम्ही तेल लावायचात.

गेल्या आठवड्यात सोजरबाई कामावर आल्या नाहीत. वाकडची धुणीभांडी सोडून आपल्याकडे लाकूड घासायला आल्यापासून त्या वस्तीत स्वतःला सुतारीण म्हणवायच्या. शेजारच्या भिमाबाईंनी हौसेने लाकूड आणून दिलं, नातवाला स्टूल करून दे म्हणाल्या. बायका बघायला जमल्या, आणि सोजरबाईंना सुरुवात कुठून करायची तेच कळेना. सुतारीणबाई आता स्टुलाला साबण लावणार वाटतं, असं भिमाबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मी घरी गेले तर सोजरबाईंनी मला चहा दिला आणि खाली बघून म्हणाल्या, "ताई, घासायचं तर मी वाकडलाबी घासतच होते."

परत येताना मला तुम्ही दिसत होतात. तुमची गाड्यांची कंपनी बंद पडल्यावर तुम्ही काम मागत गेटागेटावर जायचात. काय येतं विचारलं की सांगायचात, गाडीला डावीकडचं दार बसवतो. ते लोक हसायचे की नाही, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पप्पा थकलेत, एवढंच मम्मी म्हणायची.

हे सगळं माहीत असून मी बायकांना तेच दिलं. आपल्या लाइनवर देखरेखीला उभे राहायला लागल्यापासून तुम्ही पुन्हा रोज दाढी करायला लागलात, ते मला मोडवेना. तुमच्यासाठी मी त्यांना शिकू दिलं नाही. त्यात तुमचा दोष नाही, पण वाचताना तुम्हाला तसंच वाटेल, याची भीती वाटते.

आज सकाळी मी लाइन मोडली, तुम्हाला न विचारता. आता प्रत्येकीने अख्खी खुर्ची करायची, मी शिकवतेय. हे कळल्यावर सोजरबाईही परत आल्या. पहिल्या खुर्च्या डुगडुगतील, माल कमी निघेल. तुम्ही येऊन हे अचानक बघावं आणि सगळ्यांसमोर तुमचा चेहरा उतरावा, असं मला नको होतं. देखरेखीला आता काही उरलेलं नाही, पप्पा. पण सोजरबाईंच्या शेजारचं टेबल मी कुणाला दिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "सायबांना म्हणावं लवकर या, माझ्या खुर्चीचे दोन पाय जोडून झाले." तुम्हीसुद्धा एक खुर्ची सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करायला याल का?

तुमचीच,
दीक्षा