चार बोटं खाली

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण कंबर धरली आहे, तेव्हा खुर्चीत बसून जेवढं वाकता येतं तेवढाच नमस्कार समजून घ्यावा. तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला गेला का? इकडे मी ठणठणीत आहे (कंबर सोडून). जेवण वेळेवर होतं, घर नीटनेटकं आहे, तुमच्या बहिणीची खोली झाडलेली, पुसलेली आणि हवेशीर आहे. काळजीचं काही कारण नाही.

लिहायचं ते एकच: पेट्या लावल्या.

कोणत्या पेट्या, हे तुम्ही विचारणार नाही. नऊ वर्षांपूर्वी बहिणीला खिडकीबाहेर फुलं लावता यावीत म्हणून तुम्ही स्वतःच्या हातांनी दोन लाकडी पेट्या करून आणल्यात, रंधा असा मारलेला की गाल टेकवावा. मी म्हणालो, येत्या रविवारी लावतो. मग त्या कपाटामागे, तळ भिंतीला लावून, उभ्या राहिल्या. तुमची बहीण अधूनमधून त्यांच्यावरची धूळ पुसायची. मला टोमणा म्हणून कधी पुसली नाही तिने. तसं असतं तर बरं झालं असतं, मी चिडून तरी लावल्या असत्या. ती गेली, सगळे पांगले, आणि तुम्ही दारात चपला घालता घालता एवढंच म्हणालात, "पेट्या तेवढ्या राहिल्या." त्यानंतर अकरा महिने तुमचं पत्र नाही, फोन नाही. मी दोष देत नाही. तुम्ही शिवी घातली असतीत तर एव्हाना मी ती विसरलो असतो. हे वाक्य विसरता येत नाही.

आता लावल्या म्हणजे कशा लावल्या ते ऐका. दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात एकतीस वर्षं घालवलेला माणूस मी, अंदाजपंचे काम माझ्या हातून होत नाही (म्हणूनच बहुतेक कामं होत नाहीत, असं तुमची बहीण म्हणायची). माती कोरडी तोलली, ओली तोलली. ओली माती, लाकूड आणि रोपं मिळून एकेक पेटी अठ्ठावीस किलो भरली, म्हणजे तिसरीतलं एखादं मूल. असली दोन मुलं भिंतीला टांगायची, तीही शिंपीणबाईंच्या दुकानाच्या बरोबर वर. त्या बाईंच्या डोक्याला आधीच पुष्कळ व्याप आहेत.

हार्डवेअरवाल्याने बारीक स्क्रू पुढे केले. मी म्हटलं, हे गिलाव्यात बसतील, विटेत नाही, मला लांब बोल्ट दे. तो म्हणाला, "काका, हत्ती बांधायचाय का?" पण दिले. वर सल्लाही दिला, की खिडकी उघडून आतूनच वाकून लावा, शिडी कशाला? मी तोऱ्यात सांगितलं, बाहेरून माप चोख येतं. (हे वाक्य लक्षात ठेवा, दादा. पुढे कामाला येणार आहे.)

शिडी लावली. भिंत ठोकत गेलो, जिथे गिलावा पोकळ वाजला तिथली खूण पुसली. मशीनने विटेच्या मधोमध भोकं पाडली, दोन विटांच्या सांध्यात एकही नाही. भोकातली भुकटी फुंकून काढली आणि ती सगळीच्या सगळी माझ्या डोळ्यांत आली. खालून शिंपीणबाईंनी विचारलं, "रडताय का हो?" मी म्हटलं, "नाही हो, डोळ्यात वीट गेली." त्या म्हणाल्या, "अख्खी?" गल्लीत हशा पिकला. खरं सांगायचं तर मी रडतही होतो. कामच असं आहे की दोन तासांत आटपलं, आणि ते मी नऊ वर्षं केलं नाही.

ओल धरू नये म्हणून पेटी आणि भिंत यांत बोटभर फट सोडली. पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. बोल्ट आवळून वर गोंद भरला. पेटीला काही होत नाही ना, हे पाहायला शेवटी मी स्वतः दोन्ही हातांनी तिला लोंबकळलो. पेटी हलली नाही. शिडी हलली. मी शिंपीणबाईंच्या चिंध्यांच्या गाठोड्यावर पडलो आणि बचावलो. पेटी पक्की आहे याचा याहून मोठा दाखला माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिला नव्हता.

तुमच्या बहिणीने स्वयंपाकघरात जुन्या डब्यांतून सदाफुली लावली होती, पेट्या लागतील तेव्हा हाताशी असावी म्हणून. तिच्यामागे ती मी जगवली. तीन रोपं मेली. बाकीची आता पेट्यांत आहेत आणि फुलली आहेत, पांढरी. तिला गुलाबी आवडायची, पण डब्यांत कोणती आहेत हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वहिनींना नमस्कार. रागावला असाल तर रागावलेलेच राहा, पण कळवा.

तुमचा मेहुणा

ता. क. : एक राहिलं. गाठोड्यावर पडल्या पडल्या वर पाहिलं, तर पेटीच्या तळाला तुमच्या हातची पेन्सिल: "रावसाहेब, पेटी चौकटीच्या चार बोटं खाली घ्या. पल्ले बाहेर उघडतात." नऊ वर्षं हा तळ भिंतीकडे होता. मी पेट्या चौकटीच्या दोन बोटं वर घेतल्या आहेत, अगदी पाणसळीत. पल्ला त्यांना अडणार. उघडून पाहिलेलं नाही, पण माप खोटं बोलत नाही. मापं घेतली तेव्हा खिडकी बंद होती. ती गेली त्या दिवसापासून बंदच आहे. तेव्हा वर 'हवेशीर' लिहिलं आहे ते खोडून वाचावं. महिनाभर रोज सकाळी तांब्या घेऊन शिडीवरून पाणी घालतो. कंबर धरली ती त्यानेच.

ता. क. दुसरा : हार्डवेअरवाला म्हणतो, पेट्या खाली घेणं तासाभराचं काम आहे, गोंद खरवडला की झालं. मलाही ते येतं. तरी तुम्ही हत्यारांची पिशवी घेऊन या. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "वारा लागतोय," म्हणून मी उठून कडी घातली. ती कडी मी काढलेली नाही. पेट्या चार बोटं खाली गेल्या की ती न काढायला मला काही सबब उरणार नाही, आणि त्या वेळी खोलीत मी एकटा नको. येत्या रविवारी या. हो दादा, रविवारीच म्हणतोय.