सुमनचं गिरगाव

पनवेल, शनिवार, ९ डिसेंबर १९९५

डोकं सुन्न झालंय. संध्याकाळी दुकानातून लवकर आलो, तर मागच्या दारी सुमन शेजारच्या रेहानाभाभींशी बोलत होती.

"मग काय, आता गिरगावकर होणार तुम्ही!"

सुमन हसली. "कसलं हो! पाण्याला रांग, संडासला रांग. परत नको बाई ते."

"या अल्ला! मग वीस वर्षं गिरगाव गिरगाव करता ते?"

"अहो भाभी, सासरी कोणी माहेर उणं दाखवतं का?"

आणि पुन्हा हसली. मी जागच्या जागी गार. गिऱ्हाईक नुसतं खाकरलं तरी त्याच्या मनातलं मला कळतं, आणि बायकोचं कळू नये? तिच्याचसाठी म्हणून तिथली खोली ठरवत आणली. सोमवारी होकार द्यायचाय.

नको म्हणून कळवावं, झालं. मग जीव का खालीवर होतोय? ते हसणं अजून कानात आहे, पण दुखतंय वेगळंच. त्या जुन्या दगडी इमारती, चौपाटीचा वारा, दिवे लागल्यावर माणसांनी फुललेला रस्ता... मुलगी बघायला गेलो होतो, पण सुमन पोहे घेऊन बाहेर येण्याआधीच मला गिरगाव पसंत पडलं होतं.

हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?